चौथा कोपरा

एका माळावर धनगरांची एक वस्ती होती आणि माळाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाकडे काळी जमीन होती, जमिनीच्या पलीकडे नदी होती. वस्तीकडे मेंढरं होती. दुसरं काही नव्हतं.

पावसाळ्यात आणि थंडीत माळावरच्या तळ्याचं पाणी मेंढरांना पुरे. होळी झाली की तळं आटू लागे. मग धनगर मेंढरं घेऊन गावाच्या शेतांमधल्या वाटेनं नदीवर उतरत. जाता जाता मेंढरं रिकाम्या रानांत मुक्काम करीत. लेंड्यांनी जमीन कसदार होई आणि शेतकरी त्याबद्दल धनगरांना ज्वारी देत. गावाला खत मिळे, वस्तीला भाकरी मिळे. हे किती वर्षं चाललं होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

दरवर्षी मेंढरं उतरण्याआधी दोन्हीकडची माणसं सीमेवरच्या एका सपाट खडकावर बसत. बसायला एकच घोंगडी असे, पण ती अख्खी कुणा एकाची नव्हती. घोंगडी दोन लांब पट्ट्या जोडून करतात. त्यातली एक पट्टी वस्तीकडे असे, दुसरी गावाकडे. बैठकीच्या दिवशी दोन्ही पट्ट्या एकदम, शेजारी शेजारी अंथरत. मग वस्तीतली एक बाई दाभणानं मधली शिवण घाली. शिवण पुरी झाली की माणसं बसत. शिवलेल्या घोंगडीवर कुणी आवाज चढवायचा नाही, असा नेम होता. मेंढरं कुणाच्या रानात किती दिवस बसणार, ज्वारी किती, वाट कुठून, सगळं तिथे ठरे. ठरलं की शिवण उसवत आणि जो तो आपली पट्टी घेऊन घरी जाई.

एका वर्षी बैठकीच्या दिवशीच घात झाला.

वस्तीचा म्हातारा धुळाबा पट्टी खांद्यावर टाकून खाली निघाला होता. बैठक उरकताच नदीवर न्यायला मागून तरणी पोरं मेंढरं घेऊन येत होती. त्या वर्षी एका रानात शाळू उशिरा पेरलेला होता. कणसं अजून उभी होती आणि पाखरं राखायला माणसं गोफणी घेऊन मचाणांवर बसली होती. तहानलेली मेंढरं वाट सोडून त्या रानात शिरली. आरडाओरडा झाला. काठ्या उठल्या, गोफणी फिरल्या. कुणाचा तरी एक दगड आला आणि म्हाकू नावाच्या धनगराच्या कानामागे बसला. पायातला काटा काढायला माणूस बसतो तसा म्हाकू खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

म्हाकूला एक धाकटा भाऊ होता, लिंगा. वीस वर्षांचा, रागीट, विचार करायच्या आधी हात उचलणारा. आई-बाप लहानपणीच गेले होते. त्याला म्हाकूनंच वाढवलं होतं. तो धावत आला आणि त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. उचलून न्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून धुळाबानं खांद्यावरची पट्टी खाली टाकली. चौघांनी तिच्यात म्हाकूला घातलं आणि माळावर नेलं. डोक्याची बाजू लिंगानं धरली होती. वाटेत त्यानं ती कुणाला दिली नाही.

काळ्या लोकरीवर रक्त दिसत नाही. ते हाताला लागतं. पट्टीचा हातभर भाग वाळून कडक झाला. तो कुठे आहे हे फक्त लिंगाला माहीत होतं, कारण पट्टी त्यानं कुणाला धुऊ दिली नाही.

दिवस-कार्य झालं. पंधरवड्यानं दोन्हीकडची शहाणी माणसं पुन्हा खडकावर जमली. पट्ट्या अंथरल्या, शिवण घातली. शेवटी लिंगानं पट्टी दिली होती, पण तो स्वतः कडेला उभा राहिला.

धुळाबा म्हणाला, "दगड कुणाचा हुता तेवढं नाव सांगा."

गावचे पाटील म्हणाले, "सूड घेणार न्हाई असं आधी तुम्ही म्हणा. मग नाव सांगतो."

बोलणं अवघड होतं, पण चाललं होतं. दुपारपर्यंत दोघांचे आवाज खाली आले. पाटलांना धुळाबाशी काहीतरी हळू बोलायचं होतं. ते घोंगडीवरून पुढे सरकले आणि नेमके त्या कडक जागेवर बसले.

लिंगानं ते पाहिलं. त्यानं वाकून दोन्ही हातांनी पट्टी हिसडली. शिवण फाटली. पाटील उताणे पडले, त्यांचा पटका खडकावरून गडगडत गेला. कुणीतरी हसलं.

पाटील उठले, पटका झटकला आणि म्हणाले, "ह्या वस्तीला घोंगडीची बी लाज उरली न्हाई." आणि चालू लागले.

असं का केलंस, हे लिंगाला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्याला वाटलं, सगळ्यांना दिसलंच असेल.

दुसऱ्या दिवशी गावानं शेतवाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. नदीची वाट बंद झाली.

आता बोलणं पुन्हा सुरू करायचं तर कुणीतरी आधी पट्टी अंथरायला हवी होती. गाव म्हणे, "ज्यानं शिवण फाडली त्यानं आधी अंथरावी." वस्ती म्हणे, "ज्यांच्या दगडानं माणूस गेला त्यांनी आधी अंथरावी." दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच कुणी हलेना. आधी अंथरेल तो हरला, असं दोन्हीकडच्या पोराटोरांनाही पाठ झालं.

"तहान लागली की येतील रांगत," गावात म्हणत.

"रान नापीक झालं की येतील लेंड्या मागत," वस्तीत म्हणत.

आणि दोन्हीकडे माणसं सारखी वाटेकडे बघत राहत.

तळं रोज मागे सरत होतं. धुळाबा रोज सकाळी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवी. दुसऱ्या सकाळी पाणी काटकीपासून दोन हात आत गेलेलं असे. मग तो दुसरी रोवी. वाळलेल्या चिखलात काटक्यांची रांग लांबत चालली. बायका पाण्याला आल्या की आधी ती रांग बघत आणि मग बोलायचं सोडून देत. आधी दुबळी कोकरं मेली. मग चांगली मरायला लागली. मेंढ्यांचं दूध आटलं. माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागली. भांडं पडलं तरी सगळे दचकत.

गावातही बरं नव्हतं. माळावर वावटळ उठली की आले, आले, म्हणून बायका पोरांना घरात ओढत. शेतकरी औतावर जाताना कमरेला गोफण बांधून जात. शाळू कधीच काढून झाला होता, राखायला एक कणीस उरलं नव्हतं, तरी मचाणांवर माणसं बसलेलीच होती. आता ती पाखरांकडे बघत नव्हती.

लिंगा दिवसभर भावाची मेंढरं सांभाळी आणि पट्टी अंगाभोवती लपेटून राही. उन्हातसुद्धा. झोपतानाही ती त्याच्या खाली असे. वस्तीकडे तेवढी एकच पट्टी होती आणि ती मागायची कुणाची छाती होत नव्हती. धुळाबा एकदा त्याच्याजवळ येऊन बसला. वारा फार सुटलाय, म्हणाला. चांदी नावाची म्हाकूची मेंढी बरी आहे का, विचारलं. मग उठून गेला.

भाऊ गेला की जेवायच्या वेळेला तो जास्त गेलेला असतो. लिंगा भाकरी मोडी, अर्धी बाजूला ठेवी आणि मग त्याच्या लक्षात येई.

एके दिवशी तळ्याच्या मधोमध नुसतं ताटाएवढं पाणी राहिलं आणि भोवती चिखल. वस्तीतली तरणी पोरं जमली. त्यांचं ठरलं होतं. "परवा सकाळी काट्या तोडायच्या. आडवा येईल त्याला झोडायचं. मेंढरं नदीवर न्यायचीच." एकजण लिंगाकडे बघून म्हणाला, "पुढं लिंगानं चालायचं. भाऊ त्याचा गेलाय. का भ्या वाटतंय रं?"

"भ्या कुणाला?" लिंगा म्हणाला. "मी हाय पुढं."

हे म्हाकूच्या बायकोनं ऐकलं. तिचं नाव ठकू. दुपारी लिंगा बाभळीखाली काठीला तेल लावत बसला होता. ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"भाऊजी, ती पट्टी द्या."

"कशाला? मी धुऊ देणार न्हाई."

"धुवाया न्हाई मागत. नुसती द्या."

लिंगानं पट्टी दिली. ठकूनं ती मांडीवर घेतली आणि एका टोकापासून तिच्यावरून हात फिरवत गेली. एका जागी तिचा हात थांबला.

"हितं डोकं हुतं व्हय त्यांचं?"

लिंगानं मान हलवली.

"आन पाटील हितं बसला?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. "व्हय," लिंगा म्हणाला.

"तुम्ही त्येला सांगितलं न्हाई?"

"त्येला दिसाया नको?"

"काळ्यावर काय दिसतंय, भाऊजी? हे सूत म्या कातलंय. मलाच आत्ता हाताला लागलं."

ठकूनं पट्टीची घडी केली आणि लिंगाच्या एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला तेल लावलेली काठी होती.

"पोरं म्हणत्यात, परवा तुम्ही पुढं चालायचं. बरोबर हाय त्यांचं. ह्या घरातनं पुढं जायला आता तुम्हीच उरलाय. तवा जा. फकस्त काय घेऊन जायचं ते बघा." एवढं बोलून ती उठली आणि गेली.

लिंगाला फार विचार करता येत नसे. विचार करत बसला असता तर तो गेलाच नसता. तो तसाच उठला. धनगर काठीशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून काठी हातात घेतली. पट्टी खांद्यावर टाकली आणि भर उन्हात माळ उतरू लागला.

धुळाबानं लांबून पाहिलं आणि तो धापा टाकत मागे धावला. "अरं लिंग्या, थांब! आधी अंथरणारा हरतो!"

लिंगा वळला. "आबा, माझं हरायचं काय ऱ्हायलंय?"

म्हातारा जागीच उभा राहिला.

खडकावर वारा फार होता. लिंगानं पट्टी अंथरली, पण ती धड बसेना. एक कोपरा दाबला की दुसरा उडे. शेवटी तशीच फडफडत ठेवून तो शेजारी खडकावर बसला. पट्टीवर बसला नाही. आता पुढे काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. बैठकीत काय बोलतात, आधी कुणाला हाक मारतात, हे सगळं म्हाकूला माहीत असे.

काट्यांच्या पलीकडे माणसं जमू लागली. आधी पाच-सात, मग पन्नास. पाटीलही आले. मचाणांवरची माणसं उभी राहिली.

"आला का पाणी मागाया?" कुणीतरी ओरडलं.

"एकटाच? एखादं मेंढरू तरी आणायचं, म्हणजे त्यानं तुला अक्कल शिकवली असती!"

लोक हसले. पण ते हसणं कोरडं होतं. हसताना सगळे लिंगाच्या काठीकडे आणि माळाच्या कडेकडे बघत होते. कारण माळाच्या कडेवर आता वस्तीतली पोरं येऊन उभी होती. त्यांच्या हातांत काठ्या होत्या. धुळाबा दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभा होता. म्हाताऱ्याचे हात किती वेळ पुरणार होते?

सुं असा आवाज झाला. एक दगड खडकावर आपटला आणि लिंगाच्या गुडघ्याशेजारी येऊन पडला.

लिंगा ताडकन उठला. काठीवरची मूठ आवळली. माळावरून आरोळी आली, "लिंग्या, सांग नुसतं!" एक शब्द पुरला असता. त्या एका शब्दावर संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे किती घरं रिकामी झाली असती कुणास ठाऊक.

तेवढ्यात वाऱ्यानं पट्टीचा कोपरा वर उचलला. पट्टी उडणार, असं लिंगाला वाटलं आणि तिथे त्याचा जीव घाबरला. त्यानं वाकून तो दगड उचलला. दगड कोमट होता, नुकताच कुणाच्या तरी हातातून सुटलेला. त्यानं तो कोपऱ्यावर ठेवला.

काट्यांपलीकडचं हसणं थांबलं.

दुसरा दगड आला. तो लिंगाच्या दंडाला घासून गेला. दंडातून रक्त आलं. लिंगानं तोही दगड उचलला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. मग पुन्हा शेजारी बसला. दगड मारणाऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. तो पट्टी उडू नये एवढंच बघत होता.

तिसरा दगड आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. ऊन खडकावरून सरकत होतं. कुणी खोकत नव्हतं, कुणी घरी जात नव्हतं. पट्टीचे दोन कोपरे दबलेले होते आणि दोन फडफडत होते. सगळ्यांना तेवढाच आवाज ऐकू येत होता.

मग काट्यांमध्ये खसखस झाली. एक माणूस वाट काढत होता. त्याचं नाव केरबा. लिंगाच्याच वयाचा, हडकुळा. काट्यांनी त्याचे हात ओरखडले.

"केरबा, मागं फीर!" पाटील ओरडले.

केरबा मागे फिरला नाही. तो खडकावर आला. त्याच्या गळ्यात गोफण होती, हातात एक दगड होता. तो वाकला आणि तो दगड त्यानं तिसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. मग सरळ उभा राहून लिंगाला म्हणाला, "त्या दिवशीचा दगड माझा हुता. मेंढरं वळवाया मारला हुता. त्यो चुकला."

लिंगाची काठी वर गेली. ती कधी वर गेली हे त्यालाही कळलं नाही. माळावर आणि काट्यांपलीकडे एकाच वेळी श्वास रोखले गेले. केरबानं मान खाली घातली. तो पळाला नाही, हात आडवा केला नाही.

मारावंसं वाटलं नाही, असं नाही. लिंगाला मारायचंच होतं. इतके दिवस तो दुसरं काही मनात आणत नव्हता. नाव मिळालं होतं, माणूस समोर होता, मान खाली होती.

वारा आला. चौथा कोपरा उडाला, उलटा झाला आणि त्या कडक जागेवर जाऊन पडला. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पांघरूण घ्यावं तसा.

लिंगा त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. काठी वरच होती.

"त्यो चौथा कोपरा उडतोय," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "धर त्यो."

केरबाला आधी कळलंच नाही. मग तो गुडघ्यांवर बसला, कोपरा सरळ केला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. लिंगाची काठी हळूहळू खाली आली. मग तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. केरबाही रडत होता, पण त्यानं कोपरा सोडला नाही.

पाटील वळले आणि म्हणाले, "आपली पट्टी आणा."

पट्टी लगेच आली. फार लवकर आली. कारण ती घराच्या आत नव्हतीच. पाटलांच्या दाराशी रोज सकाळी कुणीतरी ती आणून ठेवत होतं आणि रोज संध्याकाळी आत नेत होतं. गावालाही ती अंथरायची होती. फक्त आधी अंथरायची नव्हती.

माळावरून धुळाबा खाली आला. त्याच्यामागे ठकू आली. तिच्या हातात दाभण होतं. तिनं कुणाकडे न बघता दोन पट्ट्या जोडल्या. दाभण दोनदा तिच्या बोटात रुतलं. शिवण पुरी झाली आणि माणसं बसायला पुढे झाली.

पाटील बसणार एवढ्यात लिंगा म्हणाला, "पाटील, तिथं नका बसू. तिथं माझ्या भावाचं डोकं हुतं."

पाटील होते तसे थांबले. त्यांनी खाली पाहिलं. काळी लोकर होती, बाकी काही दिसत नव्हतं. त्यांनी वाकून तिथे तळहात ठेवला. हाताला ते लागलं आणि त्यांनी हात एकदम मागे घेतला.

"म्हंजी त्या दिवशी मी…"

"व्हय."

"मला सांगायचं हुतंस, पोरा."

"मला सांगता आलं न्हाई," लिंगा म्हणाला.

पाटील घोंगडीवरून उतरले आणि कडेला, तापलेल्या उघड्या खडकावर बसले. त्यांना वर घ्यायला धुळाबाला दोनदा विनवावं लागलं.

बोलणं सोपं झालं नाही. ते तीन दिवस चाललं. दोनदा माणसं उठून उभी राहिली आणि दोन्ही वेळा सगळ्यांची नजर मधल्या शिवणीकडे गेली. शिवण होती. माणसं परत बसली. पहिल्या दिवशी फक्त एवढंच ठरलं, की आधी कोकरांना पाणी. बाकीचं मागून. त्या संध्याकाळी गावानंच वाटेवरच्या काट्या ओढल्या आणि कोकरं खाली उतरली. मचाणांवर माणसं होती, पण गोफणी गळ्यातच होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. एकेका कोकराच्या गळ्यातली घंटा मोजावी इतकी स्पष्ट ऐकू येत होती. शेवटचं कोकरू नदीवर पोचून पाण्याला तोंड लावीपर्यंत कुणी हललं नाही.

तिसऱ्या दिवशी वाटेचं ठरलं. मेंढरं वाट सोडतील तर धनगर भरपाई देतील, आणि मेंढरांवर पुन्हा कुणी गोफण फिरवणार नाही. ठकूच्या घरची ज्वारी दरवर्षी केरबाच्या रानातून येईल आणि केरबा ती स्वतः डोक्यावरून माळावर नेऊन देईल. सुडाची गोष्ट वस्तीनं सोडली.

लिंगा आणि केरबा पुढे मित्र झाले, असं मात्र कुणी सांगत नाही. केरबा ज्वारी घेऊन येई, ओट्यावर ठेवी आणि पाणी पिऊन जाई. पाणी लिंगा देई. दोघं बोलत नसत. पण पाण्याचा तांब्या भरलेला असे.

पुढच्या वर्षी बैठक बसली तेव्हा वाऱ्यानं उडू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि चौथ्यावर केरबा बसला. घोंगडीवर हातभर जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नाही, आणि का बसायचं नाही हे त्या वर्षी प्रत्येक नव्या माणसाला लिंगानं स्वतः सांगितलं.

तात्पर्य: तुटलेलं बोलणं पुन्हा जोडायला जो आधी पुढे होतो तो हरत नाही, आणि आपल्याला कुठे दुखतं ते समोरच्याला आपणच सांगावं, त्याला ते आपोआप दिसेल असं धरून बसू नये.